दोष प्रशिक्षकाचा की खेळाडूंचा : ऑल-२२ चित्रणासह दोन हंगाम

शिकागोच्या पश्चिमेला असलेल्या नेपरव्हिलमध्ये आम्ही काही मराठी कुटुंबे रविवारी दुपारी अमेरिकन फुटबॉलचा सामना एकत्र बसून पाहतो. २०२४ च्या हंगामात शिकागो बेअर्स हा आमचा संघ जसजसा हरत गेला, तसतसा सामन्यानंतरचा वाद दर आठवड्याला एकाच प्रश्नापाशी येऊन अडू लागला : आपल्या आक्रमणाला गुण मिळवता येत नाहीत, यात दोष डावपेच ठरवणाऱ्या प्रशिक्षकाचा, की ते डावपेच अमलात आणू न शकणाऱ्या खेळाडूंचा? दोन्ही बाजूंचे लोक तावातावाने बोलत आणि दोन्ही बाजूंकडे पुरावा म्हणून टीव्हीवर दिसलेली तीच दृश्ये असत. या वादाचा काही निकाल लागावा, या एकाच हेतूने मी एनएफएल प्लस प्रीमियम या सेवेची वर्गणी भरली. आता दोन हंगाम वापरून झाल्यावर तिच्याविषयी विस्ताराने लिहावेसे वाटते.

ही सेवा एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगची स्वतःची असून ती फक्त अमेरिकेत मिळते, त्यामुळे भारतातील वाचकांना ती घेता येणार नाही. २०२४ मध्ये तिची मासिक वर्गणी १४.९९ डॉलर होती. थेट सामन्यांसाठी ती घेऊ नये, कारण आपल्या भागात दाखवले जाणारे आणि मुख्य रात्रीचे सामने तेवढेच थेट दिसतात आणि तेही फोन किंवा टॅबलेटवर. सामना संपल्यानंतर मात्र त्याचे संपूर्ण चित्रण, मधला रिकामा वेळ काढून टाकलेली छोटी आवृत्ती आणि ऑल-२२ नावाचे प्रशिक्षकांसाठीचे चित्रण, असे तिन्ही प्रकार पाहता येतात. माझे पैसे या तिसऱ्या प्रकारासाठी जातात.

टीव्हीचा कॅमेरा चेंडूच्या मागे जातो. क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, चेंडू हातात घेऊन मागे सरकतो, तेव्हा आपल्याला तो आणि त्याच्यासमोरची झटापट एवढेच दिसते. पास झेलण्यासाठी पंधरा-वीस यार्ड पुढे धावणारे रिसीव्हर आणि त्यांना अडवणारे बचावपटू चौकटीबाहेर असतात. क्वार्टरबॅक थांबतो, अडखळतो, शेवटी खाली पाडला जातो आणि समालोचक त्याने चेंडू फार वेळ धरून ठेवल्याचे सांगतो. त्याने चेंडू का धरून ठेवला, समोर कोणी मोकळे होते का, हे त्या चित्रणात कुठेच नसते. ऑल-२२ मध्ये मैदानावरचे सर्व बावीस खेळाडू एकाच वेळी दिसतात, एकदा मैदानाच्या बाजूने उंचावरून आणि एकदा गोलखांबांच्या मागून. समालोचन नाही, संगीत नाही, पुनर्दृश्ये नाहीत. पूर्वी हे चित्रण संघांच्या कार्यालयाबाहेर जात नसे. सामान्य प्रेक्षकाला ते २०१२ पासून मिळू लागले.

सोमवारी रात्री मुले झोपल्यावर मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप आणि एक दोनशे पानी वही घेऊन बसतो. वहीत सुरुवातीला दोनच रकाने होते, ‘प्रशिक्षक’ आणि ‘खेळाडू’. एकेक चाल मागे-पुढे करून आठ-दहा वेळा पाहायची आणि ती फसली असेल तर एका रकान्यात खूण करायची, अशी माझी पद्धत होती. दुसऱ्याच आठवड्यात मला तिसरा रकाना आखावा लागला. त्याचे नाव ‘सांगता येत नाही’.

२२ सप्टेंबर २०२४ च्या इंडियानापोलिसविरुद्धच्या सामन्यातील एक चाल घ्या. चौथा आणि शेवटचा प्रयत्न, गोलरेषा एक यार्डावर. बेअर्सनी चेंडू सरळ पुढे न ढकलता डावीकडे आडवा नेण्याची चाल लावली आणि धावपटू डँड्रे स्विफ्ट बारा यार्ड मागे पाडला गेला. आमच्या बैठकीत त्या दिवशी स्विफ्टवर बरीच टीका झाली होती. गोलखांबामागून घेतलेले चित्रण पाहिल्यावर मला ती अन्यायाची वाटली. जिथे एका यार्डाची गरज आहे तिथे चेंडू बाजूला न्यायचा म्हणजे बचावपटूंना पोहोचायला वेळ द्यायचा, आणि चेंडू हाती येईपर्यंत त्या धावपटूपुढे वाटच उरलेली नव्हती. ही खूण मी निःशंकपणे पहिल्या रकान्यात केली.

पाच आठवड्यांनंतर वॉशिंग्टनविरुद्ध पुन्हा एक यार्ड उरला होता. बेअर्स १२-७ असे मागे होते. या वेळी चेंडू डग क्रेमर या राखीव लाइनमनच्या हाती देण्याचे ठरले. एरवी तो इतरांसाठी वाट मोकळी करतो, चेंडू घेऊन धावणे हे त्याचे काम नव्हे. हातोहात देताना चेंडू निसटला आणि प्रतिस्पर्ध्यांच्या ताब्यात गेला. चेंडू निसटणे ही अंमलबजावणीतली चूक आहे, यात शंका नाही. पण ज्याला त्या कामाची सवय नाही त्याच्यावर सामन्याच्या ऐन मोक्याच्या क्षणी ते सोपवणे ही कोणाची चूक? या एका चालीसमोर मी दोन्ही रकान्यांत खूण केली आहे आणि आजही त्यातली कुठली खोडावी हे मला ठरवता आलेले नाही. तो सामना पुढे शेवटच्या क्षणी फेकलेल्या एका लांब पासवर १८-१५ असा हातचा गेला, त्यामुळे लोकांना तो पासच आठवतो. माझ्या मते त्याआधीचा हा प्रसंग अधिक बोलका आहे.

१० नोव्हेंबरचा न्यू इंग्लंडविरुद्धचा सामना मी एकंदर तीन रात्री पाहिला. बेअर्स १९-३ असे हरले आणि केलेब विल्यम्स हा नवखा क्वार्टरबॅक नऊ वेळा चेंडूसह पाडला गेला. टीव्हीवर ते नऊ प्रसंग एकसारखे वाटले होते. ऑल-२२ मध्ये त्यांचे वेगवेगळे प्रकार दिसतात. कधी लाइनमन समोरासमोर हरला. दोन्ही नियमित टॅकल, म्हणजे फळीच्या दोन टोकांचे लाइनमन, दुखापतीमुळे बाहेर असल्याने तिथे राखीव खेळाडू उभे होते, हे येथे लक्षात घ्यायला हवे. कधी एखादा बचावपटू कोणीही न अडवता थेट आत आला, म्हणजे त्याला कोणी अडवायचे हेच ठरलेले नव्हते किंवा कळलेले नव्हते. आणि कधी जवळचा रिसीव्हर मोकळा असताना विल्यम्स दूरवर पाहत राहिला. पहिला प्रकार संघबांधणीचा, दुसरा बहुतांशी शिकवणीचा आणि तिसरा खेळाडूचा. एवढी फोड डोळ्यांसमोर आल्यावर ‘सगळे प्रशिक्षकामुळे’ किंवा ‘सगळे पोरामुळे’ असे म्हणण्याची माझी तयारी राहिली नाही.

दोनच दिवसांनी आक्रमणाचे समन्वयक शेन वॉल्ड्रन यांना काढून थॉमस ब्राउन यांच्याकडे चाली ठरवण्याचे काम देण्यात आले. पुढच्याच रविवारी ग्रीन बेविरुद्ध त्याच विल्यम्सने ३१ पैकी २३ पास पूर्ण केले. हे दोन सामने लागोपाठ पाहण्याची सोय हा या सेवेचा माझ्यालेखी सर्वांत मोठा लाभ आहे. दुसऱ्या सामन्यात चेंडू हातातून लवकर सुटतो आणि पहिल्या नजरेतच कोणीतरी जवळ उपलब्ध असतो. एका आठवड्यात खेळाडू तेवढा बदलत नाही, त्याला काय करायला सांगितले जाते ते बदलते. मात्र हे लिहिताना पुढची हकिगतही सांगितली पाहिजे. तो सामना बेअर्स १९-२० असा हरलेच, मुख्य प्रशिक्षक मॅट एबरफ्लूस यांनाही नोव्हेंबरअखेर जावे लागले, आणि डिसेंबरात आक्रमण पुन्हा गारठले. सिएटलविरुद्ध तर संघाला अवघे ३ गुण मिळाले. हंगामात विल्यम्स एकूण ६८ वेळा पाडला गेला आणि संघाचा हिशेब ५ विजय, १२ पराभव असा राहिला.

या चित्रणाची मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. चाल कोणती पुकारली होती हे त्यात ऐकू येत नाही. पास एका बाजूला आणि रिसीव्हर दुसऱ्या बाजूला गेलेला दिसतो, तेव्हा पास चुकला की रिसीव्हर चुकीच्या वाटेने धावला हे संघातल्या लोकांनाच ठाऊक असते. बचावाची मांडणी पाहून आयत्या वेळी वाट बदलण्याची मुभा कित्येक चालींत रिसीव्हरला असते, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याने फार ठामपणे बोलू नये. माझा तिसरा रकाना यामुळेच सर्वांत लांब झाला आहे. त्यातून मला उपयोगी पडलेली खूणगाठ एवढीच, की एकच चूक वेगवेगळे खेळाडू आठवड्यामागून आठवडे करत असतील तर शिकवणीकडे पाहावे, आणि प्रशिक्षक बदलूनही तोच खेळाडू तीच चूक करत असेल तर खेळाडूकडे.

२०२५ मध्ये वर्गणी चालू ठेवली ती या दुसऱ्या अर्ध्या भागासाठी. बेन जॉन्सन मुख्य प्रशिक्षक म्हणून डेट्रॉइटहून आले, आणि त्याच उन्हाळ्याआधी संघाने जो थूनी, जोना जॅक्सन आणि ड्रू डाल्मन हे तीन लाइनमन आणून मधली फळी जवळजवळ नवी उभी केली. क्वार्टरबॅक तोच राहिला. बेअर्सनी ११ सामने जिंकून विभागाचे विजेतेपद मिळवले आणि विल्यम्स आधीच्या वर्षाच्या निम्म्याहूनही कमी वेळा पाडला गेला. आमच्या बैठकीतल्या प्रशिक्षक-पक्षाने यावर विजय जाहीर केला आहे. मला तो मान्य नाही, कारण शिकवणारा आणि संरक्षण करणारी फळी एकाच वेळी बदलली तर श्रेय कोणाचे हे निकालांवरून वेगळे काढता येत नाही. ते चालीगणिकच शोधावे लागते. नव्या वहीत सध्या दुसऱ्या रकान्यातील एक नोंद मला वारंवार दिसते आहे : जवळचा रिसीव्हर मोकळा, आणि विल्यम्सची नजर अजूनही दूर.