सीमेपलीकडचा प्लॉट : उंबरगाव तालुक्यात आमची झालेली फसवणूक

मुंबईच्या पश्चिम उपनगरांतील मध्यमवर्गीय कुटुंबांना ‘सेकंड होम’साठी गुजरातच्या हद्दीतले प्लॉट विकणारी मंडळी आजही जोमाने काम करीत आहेत आणि अशाच एका व्यवहारात आमच्या कुटुंबाचे साडेअकरा लाख रुपये अडकले आहेत. आम्हाला दाखवलेले बहुतेक कागद बनावट नव्हते. ते खरे होते, पण त्यांतला एक शेजारच्या जमिनीचा होता, एक दुसऱ्या राज्यात निरुपयोगी होता आणि एकाच्या भाषांतरातून नेमकी महत्त्वाची ओळ गाळलेली होती. बनावट शिक्के आणि खोट्या सह्या शोधण्याची सवय असलेल्या माणसाला ही फसवणूक ओळखता येणे अवघड आहे, म्हणून ती कशी रचली गेली ते सविस्तर लिहीत आहे.

उंबरगाव तालुका वलसाड जिल्ह्यात येतो. १ मे १९६० पूर्वी हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. राज्य विभाजनाच्या वेळी त्यातील काही गावे गुजरातला गेली. त्यामुळे घोलवड, बोर्डी मागे टाकून पुढे गेले तरी आपण परमुलखात आलो असे मराठी माणसाला वाटत नाही. बाजारात मराठी चालते, समुद्र तोच, चिकूच्या वाड्या त्याच. विक्री करणाऱ्यांनी या आपलेपणाचा पुरेपूर उपयोग केला. डहाणू तालुक्यावर १९९१ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेचे निर्बंध आहेत, म्हणून भाव आणि विकास दोन्ही सीमेपलीकडे सरकणार आहेत, असे ते सांगत. ऐंशीच्या दशकातील रामायण मालिकेचे चित्रीकरण उंबरगावच्या स्टुडिओत झाले होते, हेही आवर्जून ऐकवले जाई. ही माहिती खरी होती, आणि खऱ्या माहितीच्या ओघात पुढची खोटी माहिती सहज मिसळून गेली. लोकल गाडी डहाणू रोडपर्यंतच येते, ती लवकरच उंबरगावपर्यंत येणार, हे आश्वासन मात्र कोणत्याही कागदावर नव्हते.

आम्ही राहतो त्या भागातच त्यांचे कार्यालय होते. रविवारी सकाळी वातानुकूलित बसने ‘साइट व्हिजिट’ घडवली जाई. तिथे कमान होती, मुरुमाचा रस्ता होता, क्रमांक लिहिलेले सिमेंटचे खुंट होते आणि दर्शनी भागात तीन-चार बंगले बांधून राहती माणसेही होती. या रहिवाशांशी आम्ही बोललो. त्यांचे खरेदीखत झाले होते, वीजजोडणी मिळाली होती, कोणाचीही तक्रार नव्हती. आम्हाला दाखवलेला अडीचशे वारांचा प्लॉट मागच्या बाजूला, ओढ्याच्या अलीकडे होता. गुजरातमध्ये मुद्रांक शुल्क ४.९ टक्के आहे आणि खरेदी स्त्रीच्या नावे असेल तर एक टक्का नोंदणी शुल्क माफ होते, म्हणून प्लॉट माझ्या नावे घ्यावा असे एजंटने सुचवले. हीदेखील खरी माहिती होती. माझ्या पतींच्या निवृत्तीनंतर आलेल्या रकमेतून आम्ही धनादेशाने पैसे भरू लागलो.

कागदांची फाईल जाडजूड होती. तिच्यात बिनखेतीचा, म्हणजे आपल्याकडच्या एन.ए.चा (बिगरशेती वापराच्या परवानगीचा), हुकूम होता. गुजराती सातबारा आणि त्याचे नोटरीने साक्षांकित केलेले मराठी भाषांतर होते. प्लॉट पाडल्याचा नकाशा होता. आणि एका वकिलाचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जमिनीच्या मालकीच्या जुन्या नोंदी तपासल्याचा अहवाल, होता. पुढे उलगडा झाला तो असा. बिनखेतीचा हुकूम दर्शनी भागातील सर्व्हे नंबरचा होता आणि तिथले बंगले त्यामुळेच कायदेशीर होते. मागची जमीन वेगळ्या सर्व्हे नंबरची होती आणि ती कधीच बिनखेती झालेली नव्हती. नकाशा मात्र दोन्ही सर्व्हे नंबर एकत्र धरून एका खासगी आर्किटेक्टकडून काढून घेतला होता. त्यावर कोणत्याही सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी नव्हती. सर्च रिपोर्टमध्येही पुढचाच सर्व्हे नंबर तपासला होता. आमच्या वाट्याच्या जमिनीचा अस्सल कागद एकच होता, तो म्हणजे सातबारा, आणि त्याच्या मराठी भाषांतरात इतर हक्कांच्या रकान्यातील नोंद उतरवलेलीच नव्हती. ती नोंद ‘७३-एए’ अशी होती. तिचा अर्थ पुढे सांगते.

जाहिरातीत महारेराचा, म्हणजे महाराष्ट्राच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा, क्रमांक ठळकपणे छापलेला होता आणि संकेतस्थळावर टाकल्यावर तो खराही निघे. पण महारेराच्या प्रकल्पाचा क्रमांक ‘पी’ या इंग्रजी अक्षराने सुरू होतो आणि एजंटचा ‘ए’ने. आम्हाला दाखवलेला क्रमांक ‘ए’ने सुरू होणारा होता, म्हणजे तो एजंटच्या महाराष्ट्रातील नोंदणीचा होता. २०१६ च्या रेरा कायद्याखाली एजंटची नोंदणी त्या-त्या राज्यापुरतीच असते, आणि गुजरातेतील जमिनीचे प्लॉट पाडून विकायचे असतील तर प्रकल्पाची नोंद गुजरात रेराकडेच व्हावी लागते. तिथल्या प्रकल्प क्रमांकाची सुरुवात ‘पीआर/जीजे’ अशी होते आणि पुढे जिल्ह्याचे व तालुक्याचे नाव असते, त्यामुळे तो पाहताक्षणी ओळखता येतो. अशी नोंद या प्रकल्पाची नव्हती. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीला नोंदणीतून सूट आहे, पण इथे कित्येक एकरांचा प्रश्न होता. त्याच कायद्याच्या तेराव्या कलमानुसार, नोंदणीकृत करार झाल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेताच येत नाही. आमच्याकडून तीन चतुर्थांशांहून अधिक किंमत घेतली गेली आणि तीही जमीनमालकाच्या किंवा विकासकाच्या खात्यात न जाता एका ‘मार्केटिंग’ संस्थेच्या खात्यात.

पैसे काढून घेण्यासाठी साधलेली वेळही नेमकी होती. २०२३ च्या फेब्रुवारीत गुजरात सरकारने जंत्रीचे, म्हणजे आपल्याकडच्या रेडी रेकनरचे, दर दुप्पट करण्याचे जाहीर केले आणि नवे दर १५ एप्रिलपासून लागू झाले. मधल्या काळात एजंटचे दिवसातून अनेकदा फोन येत. ‘काकू, पंधरा तारखेच्या आत दस्त झाला नाही तर शुल्काचा बोजा तुमच्यावरच पडेल, निदान रक्कम तरी पूर्ण करून ठेवा,’ असे त्याचे म्हणणे असे. मोठे हप्ते आम्ही याच काळात दिले. बदल्यात त्यांच्या कार्यालयातच, शंभर रुपयांच्या मुद्रांकावर, नोटरीसमोर साठेखत करून मिळाले. नोंदणी कायद्यानुसार जमिनीचा दस्त, जमीन ज्या उपजिल्ह्यात असेल तिथल्याच दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो, म्हणजे आमचा उंबरगावलाच. मुंबईत नोटरी केलेल्या कागदाने त्या जमिनीवर आमचा कसलाही हक्क निर्माण झाला नाही. त्यानंतर सर्व्हर बंद आहे, मामलतदार निवडणुकीच्या कामात आहेत, मूळ मालक आजारी आहेत अशी कारणे मिळत राहिली आणि शेवटी फोन उचलणेच थांबले.

खरी परिस्थिती कळली ती वापीच्या एका वकिलांमुळे. गुजरातमध्ये ‘एनी आरओआर’ या सरकारी संकेतस्थळावर सातबारा, आठ-अ आणि गाव नमुना सहा, म्हणजे फेरफाराच्या नोंदी, विनामूल्य पाहता येतात. वकिलांनी आमच्या प्लॉटचा सर्व्हे नंबर टाकला आणि इतर हक्कांच्या रकान्यातील त्या नोंदीवर बोट ठेवले. गुजरात जमीन महसूल कायद्याच्या कलम ७३-एए नुसार आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय कोणालाही देता येत नाही. दिली तर तो व्यवहार रद्द ठरतो, घेणाऱ्याला जमिनीवरून काढले जाते आणि दंडही होतो. महाराष्ट्रात जमीन महसूल अधिनियमाची ३६ आणि ३६-अ ही कलमे हेच संरक्षण देतात, आणि पालघर जिल्ह्यात जमीन पाहणारा माणूस निदान त्याविषयी ऐकून तरी असतो. उंबरगाव हा संपूर्ण तालुका संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतील, म्हणजे आदिवासींसाठी विशेष संरक्षण असलेल्या, क्षेत्रात मोडतो, ही गोष्ट मात्र बसमधील एकाही कुटुंबाला सांगण्यात आली नव्हती.

वकिलांसोबत आम्ही सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदारांच्या घरी गेलो. ते वारली कुटुंब त्याच गावाच्या पाड्यावर राहते. घरातील वडीलधाऱ्या बाबांना आपली जमीन विकली गेली आहे याची कल्पनाच नव्हती. गवत कापण्यासाठी जमीन काही वर्षांच्या बोलीने देत आहोत असे समजून त्यांनी एका कागदावर अंगठा दिला होता, आणि त्या कागदाचे पुढे कुलमुखत्यारपत्र झाले होते. त्यांना मिळालेली रक्कम आमच्या पहिल्या हप्त्याहूनही कमी होती. आमच्या प्लॉटचे खुंट त्यांच्या भाताच्या खाचरात उभे होते. १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला तो याच जुन्या उंबरगाव तालुक्यात. आदिवासी जमिनीवरची बंधने कशासाठी आहेत हे त्या अंगणात बसल्यावर कोणी समजावून सांगावे लागत नाही. आमचे पैसे गेले याचे दुःख मोठे आहे. पण हा कायदा जाचक आहे असे मला वाटत नाही, आणि माझ्या मते तो इथे याहून कडकपणे राबवला जायला हवा होता.

हे एवढ्यासाठी लिहीत आहे, की आम्ही विचारणा सुरू केल्यावर एजंटच्या वरिष्ठांनी एक ‘तोडगा’ पुढे केला. गावातल्याच दुसऱ्या एका आदिवासी व्यक्तीच्या नावे जमीन करून घ्यायची आणि तिच्याकडून आमच्या नावे भाडेपट्टा व कुलमुखत्यारपत्र लिहून घ्यायचे, असा तो होता. बसमधून आमच्याबरोबर आलेल्या काही कुटुंबांनी पैसे बुडू नयेत या आशेने तो स्वीकारला आहे. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की त्यातून बाहेर पडा. पैसा एकाचा आणि नाव दुसऱ्याचे, हा बेनामी व्यवहार आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी मालमत्ता जप्त होण्याची आणि सात वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद आहे. हा मार्ग धरला की आज फसवला गेलेला ग्राहक उद्या स्वतःच आरोपी होतो आणि मूळ फसवणुकीची तक्रार करण्याचे त्याचे बळ संपते.

दाद मागताना सीमा पुन्हा आडवी आली. मुंबईतील पोलीस ठाण्यात जमीन गुजरातेत आहे असे सांगण्यात आले आणि तिकडे पैसे मुंबईत दिले आहेत असे. प्रत्यक्षात फसवणूक जिथे झाली आणि पैसे जिथे दिले गेले, तिथल्या पोलिसांना तपास करता येतो. शिवाय जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात, हद्द कोणतीही असली तरी गुन्ह्याची खबर नोंदवून घेण्याची, म्हणजे झिरो एफआयआरची, तरतूद आहे. तिचा स्पष्ट उल्लेख लेखी अर्जात करावा. जमिनीच्या हक्काविषयीचा दिवाणी दावा जमीन असेल तिथल्याच न्यायालयात चालतो, आणि मुंबईच्या ग्राहकाला तारखांना तिकडे जाणे परवडणार नाही यावर विक्रेत्यांची भिस्त असते. आम्हाला जमीन नकोच होती, पैसे परत हवे होते, म्हणून आम्ही ग्राहक आयोगात गेलो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात तक्रार दाखल करता येते, आणि दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर ती जिल्हा आयोगाकडे जाते. विरुद्ध बाजूने अपेक्षेप्रमाणे हा निव्वळ जमिनीचा व्यवहार आहे, सेवा नव्हे, असा आक्षेप घेतला. परंतु रस्ते, पाणी, वीज अशा सोयी करून देण्याच्या आश्वासनासह विकलेला प्लॉट ही सेवा ठरते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा निर्णय आहे आणि आमच्या जाहिरातपत्रकावर या सोयींची भलीमोठी यादी छापलेली आहे. तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. एजंटच्या आश्वासनांवर ती घालवू नये. आमचे प्रकरण अद्याप चालू आहे. सर्व रक्कम धनादेशाने दिलेली असल्यामुळे पैसे दिले-घेतले याविषयी वादच उरला नाही. ज्या कुटुंबांकडून ‘कमी भाव लावतो’ म्हणून अर्धी रक्कम रोखीने घेतली गेली, त्यांची अवस्था फार बिकट आहे. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे, त्यामुळे रोखीची मागणी झाली की तिथेच उठून यावे.

सीमेपलीकडे प्लॉट घेऊच नये असे माझे म्हणणे नाही; दर्शनी भागातील ती कुटुंबे आजही तिथे निर्वेधपणे राहत आहेत. पण ज्यांनी या पट्ट्यात पैसे भरले आहेत आणि ज्यांचे खरेदीखत अजून झालेले नाही, त्यांनी आपल्या पावतीवर किंवा साठेखतावर प्लॉट क्रमांकाखेरीज सर्व्हे नंबर लिहिलेला आहे का ते आधी पाहावे. नसेल तर तो लेखी मागावा, आणि मिळाल्यावर ‘एनी आरओआर’वर स्वतः टाकून सातबाऱ्यातील इतर हक्कांचा रकाना आणि गाव नमुना सहामधील सर्व फेरफार, गुजराती वाचता येणाऱ्या व विक्रेत्याशी संबंध नसलेल्या माणसाकडून वाचून घ्यावेत. बिनखेतीच्या हुकमात नेमका तोच सर्व्हे नंबर आणि तेच क्षेत्रफळ असायला हवे. विक्रेत्याने नेमलेल्या वकिलाच्या अहवालावर न थांबता वलसाड, वापी किंवा उंबरगाव येथील स्वतंत्र वकिलाकडून शोध घ्यावा; त्याची फी एका हप्त्याच्या मानाने नगण्य असते. नोंदीत ‘७३-एए’ आढळले तर पुढचा हप्ता त्याच दिवशी थांबवावा, दिलेल्या रकमेच्या परतीची नोटीस नोंदणीकृत टपालाने पाठवावी, आणि पत्ता माहीत असेल तर सातबाऱ्यावरील खातेदारालाही त्याच्या जमिनीचे काय चालले आहे ते कळवावे.