जळगावचं अहिंसा शिबिर : सकाळ पैसे वसूल, दुपार डुलक्यांची

पुतणीने परस्पर नाव नोंदवलं म्हणून गेलो. मी एसटीतला निवृत्त वाहक, सुट्या पैशांवरून शिव्या खाण्याचा अनुभव दांडगा. फी तीनशे रुपये, चहा-जेवणासह.

सकाळचं सत्र एक नंबर. १९६० साली अमेरिकेत नॅशव्हिलचे काळे विद्यार्थी फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या लंच काउंटरवर जाऊन बसले. त्याआधी जेम्स लॉसन यांनी त्यांची तालीम घेतली होती. हे लॉसन आपल्या नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात शिकवून गेलेले. तीच तालीम इथे. रांगेत चार खुर्च्या, एकीवर मी. मागून पोरं केस ओढतात, खुर्ची हलवतात, मानेवर गार पाणी ओततात. पुतणीने तर अहिराणीत असा उद्धार केला की पारोळ्याच्या एका काकूंनी कानांवर हात ठेवले. नियम मोजके : उलट बोलायचं नाही, हसायचं नाही, पाठ ताठ, तोंड काउंटरकडे, म्होरक्याने सांगेपर्यंत उठायचं नाही. शिव्या पचल्या हो, हसू आवरेना.

जेवणात भरीत आणि कळण्याची भाकरी. भरीत झकास, भाकरी गार.

दुपारी अमेरिकेतल्याच माँटगोमेरी शहरातला काळ्यांचा बस बहिष्कार. विषय आपला, म्हणून सरसावून बसलो. काळ्या प्रवाशाने पुढच्या दाराशी पैसे द्यायचे, उतरून मागच्या दाराने चढायचं, आणि कधी कधी तेवढ्यात ड्रायव्हर गाडी काढायचा. भाडं घेऊन प्रवासी खाली! आमच्याकडे मेमो मिळाला असता. ५ डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस त्यांनी बसला पाय लावला नाही. काळ्या टॅक्सीवाल्यांनी बसच्याच भाड्यात, दहा सेंटात, माणसं नेली. शहराने टॅक्सीच्या किमान भाड्याचा नियम दाखवला, तर खाजगी मोटारींच्या पाळ्या लावल्या, थांबे ठरवले. डेपोशिवाय वेळापत्रक चालवलं या लोकांनी. वक्त्याने हे पाच मिनिटांत उरकलं आणि उरलेला वेळ इंग्रजी स्लाइड वाचून दाखवल्या. श्रेय सगळं गांधीजी आणि मार्टिन ल्यूथर किंग यांना. किंग गांधीजींचं ऋण मानत, कबूल. पण बसमध्ये गोऱ्यासाठी जागा सोडली नाही म्हणून रोझा पार्क्सना अटक झाली, त्याच रात्री बहिष्काराची हजारो पत्रकं काढणाऱ्या प्राध्यापिका जो ॲन रॉबिन्सन यांचं नाव एकदाही नाही? ते मला भिंतीवरच्या पोस्टरवर सापडलं.

पुढचं शिबिर धुळ्याला आहे. नुसत्या सकाळच्या सत्राची वेगळी फी ठेवली, तर नोकरीतले दोन-तीन कंडक्टर मी स्वतः घेऊन जाईन.