जनरेटरवाली सीडी वाचून देणारं दुकान

जुन्या, खराब सीडीतला डेटा काढून देणारं हे दुकान, त्याला पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे येतंच.

मी संत्र्याचा शेतकरी, वरुड-मोर्शी पट्ट्यातला. २००१ साली अमरावतीला होस्टेलवर असताना रूम पार्टनरच्या कॉम्प्युटरवर फॉलआउट नावाचा गेम खेळलो होतो. अणुयुद्धानंतरचं ओसाड जग, भंगारातून उभं केलेलं एक गाव, दोन टोळ्या आणि गावातल्या जनरेटरवरून त्यांची जुंपलेली. पुढे नोकरीसाठी चार वर्षं पुण्यात काढली, तेव्हा पूर्ण गेम घेतला आणि शेवटपर्यंत खेळलो. त्यात ते गावच नाही! वॉल्ट १३ या भूमिगत आसऱ्यातली पाण्याची चिप बिघडते, ती १५० दिवसांत शोधून आणायची, हे सगळं आहे. माझा जनरेटर मात्र नाही. मित्र म्हणाले, "तू दुसऱ्याच गेमचं सांगून राहिला बे."

दुसऱ्या गेमचं नव्हतं. आम्ही होस्टेलवर खेळलो तो डेमो होता, म्हणजे जाहिरातीपुरता काढलेला छोटा नमुना. इंटरप्ले कंपनीने गेम बाजारात आणला ऑक्टोबर १९९७ मध्ये, डेमो त्याच्या काही महिने आधीचा. गावाचं नाव स्क्रॅपहीप, टोळ्या क्रिप्ट्स आणि फूल्स. हे प्रकरण डेमोपुरतंच रचलेलं, पुढे मूळ गेममध्ये घेतलंच नाही. या गेमचं बाळंतपणही आडवंतिडवंच. इंटरप्लेचा प्रोग्रामर टिम केन याने सुरुवातीला जवळपास एकट्याने इंजिन, म्हणजे गेम चालवणारा मूळ प्रोग्राम, लिहायला घेतलं, ते स्टीव्ह जॅक्सन गेम्सच्या 'गर्प्स' या टेबलावर खेळायच्या गेमच्या नियमावलीवर. १९९७ च्या सुरुवातीला तो करार फिसकटला आणि ऐन वेळी स्वतःचे नियम बांधावे लागले. पात्राच्या सात गुणांच्या आद्याक्षरांतून आधी 'एसलिप्स' असं काहीतरी निघत होतं, अक्षरं फिरवल्यावर 'स्पेशल' झालं. तेव्हा ऑक्टोबरच्या आधीचं काहीही हाती लागलं, तर त्यात काय वेगळं आहे ते पाहायला माझ्यासारखे येडे टपलेलेच असतात.

डेमो नेटवर मिळतो. इंटरनेट आर्काइव्हवर आहे, फुकट आहे. आमच्या फीडरला थ्री फेज रात्री येते, म्हणून बगिच्यात ओलिताला पाणी सोडायचं आणि खोलीत मोबाइलच्या नेटवर डाउनलोड लावून बसायचं, असे चार दिवस केले. पण एकाच नावाच्या फाइली तीन ठिकाणी मिळाल्या आणि तिघींची साइज वेगळी. कोणी नवीन विंडोजवर चालावा म्हणून हात फिरवलेला, कोणी आवाजाच्या फाइली गाळलेल्या. आपण खेळलो तो यातला कोणता, हे सांगायला पुरावा एकच. रूम पार्टनरने २००१ मध्ये राईट करून दिलेली सीडी, घरी टिनाच्या पेटीत.

ती आधी एका मोठ्या शहरातल्या दुकानात दिली होती. पंधराशे रुपये घेतले, आठ दिवसांनी 'रीड होत नाही' म्हणून परत दिली, आणि वरून पावती नंबरचा स्टिकर चिकटवला. तोही थेट सीडीच्या छापील बाजूवर.

मग तालुक्याच्या गावी, बसस्टँडच्या मागे, सायकल दुकान आणि झेरॉक्सच्या मधल्या या दुकानात गेलो. दुकानवाल्या काकांनी सीडी हातात घेतली, कडेने धरून ट्यूबलाइटपुढे तिरपी केली, आणि पहिला प्रश्न विचारला, "हे चिट्टी कोनं लावली?"

"शहरात लावली काका. काढू का?"

"हात नको लावू बाप्पा. चिट्टीसंगं चांदी निघून येते."

खरंच आहे. आपण सीडीची खालची चकचकीत बाजू जपतो, पण तिथे जवळपास सव्वा मिलीमीटर प्लास्टिक असतं. खालचा ओरखडा पॉलिश करून जातो. चमकणारा थर असतो वरच्या बाजूला, लाखेच्या पातळ पापुद्र्याखाली. तो निघाला की त्या जागेचा डेटा कायमचा गेला.

काकांनी स्टिकरला हातच लावला नाही. सीडी ओल्या मऊ कपड्याने आतून बाहेर अशी पुसली, गोल फिरवून नाही. मग लिनक्सवर डीडीरेस्क्यू लावलं. हा प्रोग्राम आधी जे सहज वाचता येतं ते उचलतो, अडलेली जागा सोडून पुढे जातो, आणि नंतर मागे येऊन २०४८ बाइटच्या एकेका तुकड्यासाठी डोकं फोडत बसतो. काय मिळालं, काय राहिलं याची नोंद फाइलमध्ये ठेवतो, त्यामुळे मध्येच लाइन गेली तरी पहिल्यापासून करावं लागत नाही. ड्राइव्हचा स्पीड त्यांनी मुद्दाम कमी ठेवला. एका ड्राइव्हने हात टेकले तेव्हा नोंद तीच ठेवून सीडी दुसऱ्या, त्याहून जुन्या ड्राइव्हमध्ये टाकली. त्या म्हाताऱ्या ड्राइव्हने आणखी बरंच वाचलं. मे महिना होता, म्हणून हे काम काका सकाळी सहा ते नऊ करायचे. दुपारी पत्र्याखाली माणूसच तापतो, ड्राइव्ह काय टिकणार!

स्टिकरखालचा थोडा भाग शेवटपर्यंत आला नाही. नशिबाने तिथे होस्टेलच्या गॅदरिंगचे फोटो होते. डेमोचं फोल्डर पूर्ण आलं. चेकसम काढून पाहिला, म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा म्हणा, एक बाइट बदलला तरी पार बदलतो. डाउनलोड केलेल्या तिघींपैकी एकीशी तंतोतंत जुळला. म्हणजे माझ्याकडे जगावेगळं काही नव्हतं. पण कोणती खरी ते कळलं.

काकांच्याच कॉम्प्युटरवर लावून पाहिला. २५६ रंगांचा गेम, नवीन विंडोजवर आधी सगळ्यांचे चेहरे हिरवे-जांभळे दिसले. कॉम्पॅटिबिलिटीच्या सेटिंगमध्ये खुडबूड केल्यावर स्क्रॅपहीप उभं राहिलं. काकांना मी गोष्ट समजावून सांगत होतो, जनरेटर या टोळीच्या हातात, ती टोळी तो बंद पाडायच्या मागे. ते मधेच म्हणाले, "म्हंजे डीपीचं भांडण! आमच्या गावात दर रब्बीत हाय हे."

आता कापलेला तारा. काका फोन उचलत नाहीत. मी बावीस किलोमीटर दोनदा फुकट गेलो, एकदा तर ते लग्नाला गेले होते. दुसरं जास्त लागलं. त्यांच्या दुकानातल्या पोराने फाइली सुट्या करून मोबाइलवरून पाठवल्या, आणि सगळ्यांच्या तारखा त्याच दिवशीच्या झाल्या. जुन्या आवृत्त्या शोधणाऱ्याला फाइलची तारीख म्हणजे सातबारा. भांडलो थोडा, तेव्हा पेनड्राइव्हवर पूर्ण सीडीची आयएसओ, म्हणजे एकाच फाइलमधली जशीच्या तशी नक्कल, घेतली. तुम्ही गेलात तर पहिल्याच दिवशी आयएसओच मागा, पेनड्राइव्ह आपला न्या.

पैसे तीनशे. वाचली नसती तर काहीच घेणार नव्हते, हे आधीच सांगितलं होतं.

जपून ठेवण्याचं निघालंच आहे तर, २०२५ साली टिम केनने सांगितलं की इंटरप्ले सोडताना त्याला स्वतःजवळचं सगळं नष्ट करायला लावलं होतं. त्यानंतर कंपनीच्या एक संस्थापक रेबेका हाइनमन यांनी कळवलं की फॉलआउटचा सोर्स कोड, म्हणजे गेमचा मूळ लिहिलेला प्रोग्राम, त्यांच्याकडे सुखरूप आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्या गेल्या. काकांना हे सांगितलं तर त्यांनी विचारलं, "त्या बाईनं चिट्टी तं नाई ना लावली सीडीवर?"

दुकान सोमवारी बंद, त्या दिवशी बाजार असतो. माझ्या आणखी नऊ सीड्या आहेत, संत्र्याच्या क्रेटमध्ये सुती कपडा घालून उभ्या लावल्या आहेत. आंबिया बहाराची तोडणी आटोपली की नेतो.