बेल्स पाल्सीनंतर भुवई उचलण्याचं ऑपरेशन: काही महिन्यांनंतरचा अनुभव

बेल्स पाल्सीने, म्हणजे चेहऱ्याची नस अचानक निकामी झाल्याने, चेहऱ्याच्या उजव्या बाजूवरून वारं गेलं. नंतर तोंड सरळ झालं, डोळाही बराचसा मिटू लागला. उजवी भुवई मात्र खालीच राहिली. ती वर धरणारा कपाळाचा स्नायूच निकामी, त्यामुळे भुवई पापणीवर येऊन बसली. स्कूटरवर उजवीकडून येणारी गाडी मान वळवल्याशिवाय दिसेना. नस सुधारेल म्हणून वर्षभर थांबलो, मग ऑक्युलोप्लास्टीच्या, म्हणजे पापण्या-भुवयांची प्लास्टिक सर्जरी करणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी भुवई बोटाने वर धरली, तशी पापणी मोकळी झाली. दोष भुवईचा होता. पापणीची कातडी काढली असती तर भुवई तिथेच राहिली असती आणि डोळा मिटायला आणखी जड गेला असता.

छेद कुठे घ्यायचा, यावरच बरंच बोलणं झालं. कानापासून कानापर्यंत केसांतून घेतात, पण मला केस आहेत कुठे! दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये केसांच्या रेषेमागे ३ ते ५ छोटे छेद असतात, तिथेही तीच अडचण. कपाळावरच्या आठीत छेद लपवतात म्हणे, पण वारं गेलेल्या बाजूला आठीच उरत नाही. पापणीतून थोडंच उचलता येतं. राहिला भुवईच्या अगदी वरचा थेट छेद. तिथली कातडी पट्टीसारखी काढून भुवई आतून हाडावरच्या आवरणाला टाक्यांनी बांधली. जागेपुरती भूल होती. ओढल्याचं कळत होतं, दुखत नव्हतं.

टाके आठवड्याने निघाले. डोळ्याभोवतीचं काळं-निळं लवकर गेलं. कपाळाचा बधिरपणा रेंगाळला, आता तिथे खाज सुटते. नस जागी होतेय म्हणे. व्रण बरेच महिने लाल होता, आता फिकट रेघ आहे, चष्म्याच्या फ्रेमआड बरीचशी झाकते. उन्हात टोपी घालतोच.

भुवई हलत मात्र नाही. आश्चर्याने भुवया उंचावल्या तर डावीच वर जाते. चांगल्या बाजूला बोटॉक्स (स्नायू तात्पुरता ढिला करणारं इंजेक्शन) देऊन समतोल साधू असं डॉक्टर म्हणाले, पण त्याचा परिणाम ३-४ महिन्यांत उतरतो. मी नको म्हटलं. रस्ता दिसतोय, ते पुरे. रात्री डोळ्यात मलम अजून घालावं लागतं.

मेडिक्लेमवाले याला कॉस्मेटिक म्हणू शकतात. भुवई चिकटपट्टीने उचलून आणि न उचलता, अशी दोन्ही वेळची फील्ड टेस्ट (नजर किती दूरवर बाजूला-वर पोचते ती तपासणी) आणि फोटो ऑपरेशनआधीच फायलीत ठेवा.

केस दाट असतील आणि दोन्ही भुवया वयाने उतरल्या असतील तर आधी दुर्बिणीचं विचारा. माझं वाचून थेट छेद मागू नका.