रिव्हर्स लाइटसाठी गियरबॉक्स उतरवायचा म्हणाले? आधी दोन पिनांचं कनेक्टर काढा

जुनी मॅन्युअल गाडी, मागचे दोन्ही रिव्हर्स लाइट बंद. गॅरेजचं निदान: "स्विच गियरबॉक्सच्या आत असतो, गियरबॉक्स उतरवल्याशिवाय होणार नाही." बिलावर पाच तासांची मजुरी, एक रिव्हर्स स्विच, सव्वादोन लिटर गियर ऑइल, मागचं अख्खं वायरिंग आणि दोन बल्ब. खरा बिघाड होता डिकीच्या दरवाज्यावरच्या अर्थच्या (बॅटरीच्या मायनसकडे परत जाणाऱ्या जोडणीच्या) बोल्टखाली साचलेला हिरवा गंज. तो घासून बोल्ट परत कसायला पाना आणि सँडपेपरचा तुकडा पुरतो. असं लुबाडलं गेल्याचं चारचौघांत सांगायला लाज वाटते, पण गप्प बसलो तर हीच थाप पुढच्या गिऱ्हाइकाला मारली जाणार.

स्विच आत नसतोच. तो गियरबॉक्सच्या केसिंगमध्ये बाहेरून आट्यांवर बसवलेला असतो आणि फक्त टोकाची गोळी किंवा पिन आत डोकावते. रिव्हर्स टाकला की आतला रॉड ती गोळी दाबतो, पॉइंट जुळतात आणि करंट मागे जातो. काही गाड्यांत तो बॅटरीच्या ट्रेखाली दडलेला असतो, काहींत गाडी वर घेऊन खालून हात घालावा लागतो. त्यासाठी गियरबॉक्स उतरवणं म्हणजे निव्वळ मजुरी फुगवणं.

सगळ्यात चीड येते ती सेन्सरमुळे. लाइट बंद होते, पण रिव्हर्स टाकला की बाहेरून बसवलेला पार्किंग सेन्सर व्यवस्थित वाजत होता. हे सेन्सर आणि कॅमेरे बहुतेक वेळा रिव्हर्स लाइटच्याच वायरीला टॅप मारून (मधूनच फाटा काढून) जोडलेले असतात. म्हणजे बहुधा फ्यूज ठीक, स्विच ठीक, पुढून मागपर्यंतची वायर ठीक, आणि बिघाड टॅपच्या पुढे, बल्बच्या बाजूला. मिस्त्री गाडीत बसून तोच आवाज ऐकत "स्विच गेलाय" म्हणत होता! कंपनीतूनच सेन्सर बसवून आलेल्या गाडीत ही खूण चालेलच असं नाही, पण बाहेरून टॅप मारलेला असेल तर याहून सोपी खूण नाही. आता कोणी म्हणेल, मग सही कशाला केली? जॉब कार्डावर "इलेक्ट्रिकल तपासणी" एवढंच लिहिलेलं असतं आणि गाडी लिफ्टवर, चाकं हवेत. निदान करणं हे मिस्त्रीचं काम, त्याचेच तो पैसे घेतो.

निदान खरं तर किती वेळाचं आहे ते बघा. इंजिन बंद, थंड. चाकांना अडसर लावलेला, हँडब्रेक वर, चावी ऑन, गियर रिव्हर्सला. एकच लाइट बंद असेल तर त्या बाजूचा बल्ब, होल्डर किंवा अर्थ. स्विचकडे जायचंच नाही. काही गाड्यांत रिव्हर्स लाइट मुळात एकच असतो आणि दुसऱ्या बाजूला फॉग लॅम्प, तेवढं आधी पाहून घ्या. दोन्ही बंद असतील तर आधी दोन्ही बल्ब बघा. एक कधीच गेलेला असतो, कोणाच्या लक्षात येत नाही, मग दुसरा जातो. नुसत्या डोळ्यांनी नको, मल्टिमीटर लावा: २१ वॅटचा चांगला बल्ब थंड असताना एक ओहमच्याही खाली दाखवतो.

मग फ्यूज. बऱ्याच गाड्यांत त्याच फ्यूजवर आणखीही काही चालतं, ते चालू असेल तर फ्यूज शाबूत. पुढची पायरी स्विचचं दोन पिनांचं कनेक्टर. ते काढा, वायरीच्या बाजूच्या दोन्ही पिना तारेच्या तुकड्याने जोडा. लाइट लागले तर स्विच खराब, किंवा लिंकेज (गियर लिव्हरपासून गियरबॉक्सपर्यंतची जोडणी) झिजल्यामुळे गोळी पुरती दाबली जात नाही (रिव्हर्समध्ये लिव्हर ओढून धरल्यावर लाइट लागले तर हेच). नाही लागले तर चावी ऑन ठेवून दोन्ही पिना तपासा. एकीवरही १२ व्होल्ट नसतील तर बिघाड फ्यूजच्या बाजूला, एकीवर असतील तर बिघाड स्विचनंतर, गाडीच्या मागच्या बाजूला. तीन पिनांचं कनेक्टर सहसा स्पीड सेन्सरचं असतं, तिथे तार घालू नका.

अर्थ तपासायला मीटरची एक पिन होल्डरच्या अर्थवर, दुसरी बॅटरीच्या मायनसवर, सर्किट चालू. ०.२ व्होल्टच्या आत आलं तर ठीक. अर्थ पूर्ण तुटली असेल तर तिथेच जवळजवळ १२ दिसतात, होल्डरच्या दोन्ही टोकांना व्होल्टेज! आणि डिकीच्या बिजागरीजवळची रबरी नळी मागे सरकवून आतली वायर हलक्या हाताने ओढून बघा. दरवाजा उघडमीट होऊन तांबं आत तुटतं, वरचं कव्हर मात्र धडधाकट दिसतं. अशा वायरीत उरलेल्या एकाच बारीक तारेतूनही मीटर १२ दाखवतो, पण दोन बल्बना साडेतीन अँपिअर लागतात. म्हणून नुसत्या मीटरवर विसंबू नका, बल्बचा टेस्ट लॅम्प लावा.

जुने पार्ट मागून घ्या, नेहमी. पिशवीतून परत आलेल्या जुन्या स्विचची गोळी अंगठ्याने दाबली की मीटर ०.३ ओहम, सोडली की ओपन (सर्किट तुटलेलं). दर वेळी. खणखणीत स्विच! बेलहाउसिंगच्या (गियरबॉक्स इंजिनला जोडणाऱ्या भागाच्या) बोल्टांवर तेलमातीचा जुना थर जसाच्या तसा, पान्याचा एक ओरखडा नाही, ऑइल काढायचा ड्रेन प्लगही तसाच माखलेला. मग गियरबॉक्स उतरला कसा आणि सव्वादोन लिटर ऑइल गेलं कुठे? फोटो लगेच काढा, गाडी धुण्याआधी.

आणि तक्रार कुठे करायची? गॅरेजचा मॅनेजर म्हणतो, तांत्रिक बाब आहे, तज्ज्ञाचा लेखी अहवाल आणा. दुसरा गॅरेजवाला तोंडाने सगळं सांगतो, पण लिहून द्यायला कोणी तयार नाही. गाडीच्या कंपनीची हेल्पलाइन वॉरंटी संपल्याचं ऐकवते. पोलीस म्हणतात हा दिवाणी मामला. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर पुन्हा तोच अहवाल मागतात, मूळ प्रतीत. तपासणी केंद्र फक्त लाइट लागतो का ते बघतं. लागतो, म्हणजे पास. पाच तासांची खोटी मजुरी कोणाच्याच रकान्यात बसत नाही, आणि हे सगळे पगार घेऊन बसलेत!

म्हणून जॉब कार्डावर आधीच लिहून घ्या: "कनेक्टर जोडून पाहिल्यावर लाइट लागले / नाही लागले." लिहायला नकार दिला तर गाडी काढून घ्या. डॅशबोर्डवर वेगळं बटण बसवून देतो म्हणाला तर मुळीच ऐकू नका. बटण चालू राहिलं की पुढे जाताना मागे पांढरा लाइट, मागचा ड्रायव्हर गोंधळणार. स्विच खरंच बदलला तर खालचा वॉशर नवा आणि त्याच जाडीचा हवा. जुना वॉशर ऑइल झिरपवतो, जाड वॉशरमुळे गोळी रॉडपर्यंत पोचत नाही आणि नव्या स्विचवरही लाइट लागत नाहीत.