गाडी खाली बसवली, नऊ महिने चालवली, परत वर आणली

आमच्या सोसायटीच्या गेटसमोरचा स्पीडब्रेकर 14 सेंटिमीटर उंच आहे आणि पायथ्याशी जेमतेम 60 सेंटिमीटर रुंद. हे मला पाठ आहे, कारण एका रात्री साडेअकराला मी मुलीची फूटपट्टी आणि एक सरळ पट्टी घेऊन तिथे उकिडवा बसलो होतो आणि वॉचमनमामा टॉर्च धरून उभे होते. "साहेब, काही पडलं का?" "नाही मामा, मोजतोय." त्यावर त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

गाडी 2017 ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, सेकंडहँड. इंजिन, डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) वगैरे सगळ्यांना माहीत आहे, त्यात शिरत नाही. खरी स्पोर्ट्स कार नाही हे मान्य, पण माझ्या खिशाला झेपणारी स्पोर्ट्स कार हीच. गाडी लोअर करावी का, म्हणजे आखूड स्प्रिंग घालून खाली बसवावी का, हा प्रश्न मला बरेच जण विचारतात, कारण माझी गाडी खाली होती तेव्हा फार छान दिसायची. दिसायचीच. आता अकरा महिन्यांचा हिशोब मांडतो : नऊ महिने खाली, दोन महिने पुन्हा वर.

सुरुवात व्हील गॅपने झाली. पुढच्या टायर आणि मडगार्डच्या मध्ये माझी चार बोटं आरामात जायची. एकदा ही जागा डोळ्यात भरली की मग रोज पार्किंगमध्ये तीच दिसते. त्यात 68,000 किलोमीटरला दोन्ही पुढचे शॉक (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) गळायला लागले. म्हटलं, उघडणार आहेच, तर स्प्रिंगही बदलून टाकू.

एका मेकॅनिकने सांगितलं, "दीड आटा कापून देतो, दोन हजार द्या." माझ्यातला कंजूस क्षणभर हलला, खोटं कशाला बोलू. पण कापलेली स्प्रिंग तिच्या वाटीत नीट बसत नाही, आणि चाक खड्ड्यात उतरून शॉक पूर्ण उघडला की ती सैल पडते. तो पर्याय कोणीही दिला तरी हात जोडून निघा. कॉइलओव्हरचे (उंची कमी-जास्त करता येणारा स्प्रिंग-शॉकचा सेट) भाव ऐकून मीच हात जोडले. शेवटी 35 मिलिमीटर खाली आणणाऱ्या तयार स्प्रिंग 22,000, चार शॉक 26,500, मजुरी 4,800, अलाइनमेंट 900. एकूण 54,200. घरी आकडा थोडा कमी सांगितला होता.

पहिला महिना म्हणजे नुसतं कौतुक. गणपती नुकतेच गेले होते, पाऊस ओसरला होता. पहिल्याच रविवारी पहाटे ताम्हिणीला गेलो. पूर्वी वळणात गाडी आधी कलायची, मग सावरायची, मग वळायची. आता स्टिअरिंग फिरवलं की लगेच वळायची. एक्स्प्रेसवेवर शंभरच्या वेगात लेन बदलली तर बाजूला ठेवलेली पाण्याची बाटली जागची हलली नाही. मित्रांना फोन करकरून सांगितलं की स्प्रिंग म्हणजे चीज आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, ते मला पुढे गिळावं लागलं.

आता त्या स्पीडब्रेकरकडे येतो. तुम्ही म्हणाल हा माणूस एका उंचवट्याचं किती लावून धरतोय, पण दिवसातून दोनदा घरात शिरायचं-निघायचं तिथूनच असतं. मी एकटा बसलेलो असताना पोटाखालच्या प्लास्टिक कव्हरपासून जमिनीपर्यंत 12 सेंटिमीटर भरत होतं. उंचवटा 14. म्हणजे सरळ गेलो की घासणार, यात नशिबाचा काही भाग नाही. उपाय एकच, तिरकं जायचं, एकेक चाक चढवायचं. मामा रोज संध्याकाळी गेट पूर्ण उघडून बाहेर यायचे, कंबरेत वाकून खाली बघायचे आणि ओरडायचे, "उजवीकडून घ्या साहेब... येऊ द्या, येऊ द्या... थांबा!" मागे रिक्षा, स्कूटर, टँकर. टँकरवाला हॉर्न वाजवत नसे, इंजिन बंद करून वाट बघत असे. तो अपमान हॉर्नपेक्षा मोठा वाटायचा.

गंमत म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसचं स्पीडब्रेकरसाठी माप ठरलेलं आहे : उंची 10 सेंटिमीटर, रुंदी 3.7 मीटर, 17 मीटर त्रिज्येची गोलाई, ताशी 25 किलोमीटरने ओलांडायला. एका रविवारी आलेखाच्या कागदावर काढून बघितलं. इतक्या रुंद उंचवट्यावर पोलोची पुढची-मागची दोन्ही चाकं एकदमच चढलेली असतात, त्यामुळे मधल्या पोटाला फक्त साडेचार सेंटिमीटर जागा लागते. म्हणजे मापात बांधलेल्या स्पीडब्रेकरवरून माझी बसवलेली गाडी हसत गेली असती. आमचा उंचवटा सोसायटीने ठेकेदाराकडून उरलेल्या काँक्रीटमध्ये करून घेतलेला. तो दोन चाकांच्या मधे येतो आणि सरळ पोटात शिरतो. मीटिंगमध्ये हे मी आलेखासकट मांडलं. चेअरमन म्हणाले, "मुलं खेळतात तिथे." विषय संपला. मुलं टेरेसवर खेळतात.

तीन-चार महिन्यांनी आणखी एक गोष्ट जाणवू लागली. गुळगुळीत रस्त्यावर गाडी राजा, पण आपल्याकडे गुळगुळीत रस्ता किती? डांबराचे थरावर थर चढत जातात आणि ड्रेनेजची झाकणं मूळ पातळीवरच राहतात, त्या वाटीत चाक गेलं की धाडकन आवाज. स्प्रिंग आखूड झाली म्हणजे चाकाला वर यायला जागाही 35 मिलिमीटरने कमी झाली. ती संपली की शॉकच्या दांड्यावरचा रबरी बंपस्टॉप येतो, आणि मग सस्पेन्शन असून नसल्यासारखं. बायको म्हणाली, "अरे, या गाडीत चहा पिऊन बसायची सोय राहिली नाही." मी म्हणालो होतो, सवय होईल. सवय झाली, मलाच. मी अख्ख्या कर्वे रोडवरची झाकणं पाठ केली.

जानेवारीत सासुरवाडीला भोरला गेलो होतो. नवा आंबेमोहोर आला होता. सासऱ्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "जावईबापू, गाडीला पाय मुडपून बसवलंय का?" तरीही डिकीत चाळीस-चाळीस किलोची दोन पोती चढवली. गाडीत आम्ही चौघं. कापूरहोळला हायवेला लागलो, सातारा रस्ता निवांत पार केला, एकदाही काही घासलं नाही. रात्री साडेनऊला स्वतःच्या दारात तो उंचवटा. मामा जेवायला गेले होते. तिरकं घेतलं तरी कर्रकन आवाज आला, आणि खालचं कव्हर फाटून लोंबायला लागलं. "पोती उतरवू की मी उतरू?" बायकोने विचारलं. दोन्ही उतरवली. कव्हर 2,700.

एवढं होऊनही मी लगेच परत फिरलो नाही. उलट फेब्रुवारी-मार्चात माझं मत पुन्हा बदललं होतं. थंडीतले कोरडे रस्ते, वरंधा घाटात एक सकाळ, वाटलं दोन-चार झाकणांसाठी हे सोडायचं नाही. मग एप्रिलमध्ये आवाज सुरू झाला. स्टिअरिंग जागेवर फिरवलं की पुढून डावीकडे टक्, टक्. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नेली तर त्यांनी खाली वाकून स्प्रिंगचा रंग बघितला आणि जॉबकार्डवर लिहिलं, "मॉडिफिकेशनमुळे." तपासलंही नाही. ज्याने स्प्रिंग बसवल्या त्याच्याकडे गेलो, तर तो म्हणाला सर्व्हिस सेंटरनेच काहीतरी हलवलं असणार. दोघांच्या मध्ये मी, आणि टक्, टक्.

शेवटी उघडल्यावर कळलं : शॉकच्या माथ्यावर जो माउंट आणि बेअरिंग असतं ते जुनंच परत बसवलेलं. 68,000 किलोमीटर चाललेलं. मी तेव्हा विचारलंही होतं, तर "साहेब, ते चांगलंय, कशाला पैसे घालवता" असं उत्तर मिळालं होतं. माझेच पैसे वाचवून मलाच बुडवलं. माउंट-बेअरिंग 3,600 आणि मजुरी परत 4,800, कारण अख्खा शॉक पुन्हा काढावा लागतो. म्हणून सांगतो, कोणीही शॉक उघडत असेल तर माउंट आणि बेअरिंग त्याच वेळी बदला, मजुरी तेवढीच लागते. आणि समोर उभं राहून एक बघा : खालच्या आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारी आडवी दांडी) बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळायचे असतात. जॅकवर लोंबकळत असताना आवळले तर आर्मच्या सांध्यातल्या बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. गॅरेजमध्ये घाई असते, तुम्ही नसाल तर कोणी उतरवून आवळत नाही.

याच वेळी दुसऱ्या एका मेकॅनिकने, वयस्कर माणूस, मला गाडीखाली नेऊन पुढचे आर्म दाखवले. कंपनीच्या उंचीवर ते बाहेरच्या बाजूला खाली झुकलेले असतात. माझ्या गाडीत जवळजवळ आडवे झाले होते. अशा मॅकफर्सन सस्पेन्शनमध्ये (स्प्रिंग आणि शॉक एकाच खांबात, खाली एक आर्म) गाडी वळणात ज्या बिंदूभोवती कलते, तो बिंदू आर्म आडवे झाले की गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली उतरतो. म्हणजे खाली आणून कलायची ओढ उलट वाढते, आणि ती लपवायला स्प्रिंग कडक लागते. "मग मला जो फरक वाटला तो?" "तुमचे शॉक मेलेले होते हो. नवीन शॉक टाकून त्याच जुन्या स्प्रिंगवर चालवून बघितली होती का?"

नव्हती बघितली. एकदाही नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि सगळं श्रेय स्प्रिंगला दिलं. शाळेत विज्ञानाला बरे मार्क होते मला.

तरी दोन महिने टाळलं. जूनमध्ये, पाऊस लागायच्या आधी, कंपनीच्या स्प्रिंग परत घातल्या (त्या बाल्कनीत गोणपाटात होत्या, जुन्या स्प्रिंग कधीही भंगारात देऊ नका). शॉक नवेच ठेवले. मजुरी तिसऱ्यांदा 4,800, अलाइनमेंट 900. आणि ताम्हिणीला गेलो. प्रामाणिकपणे सांगायचं तर कललेली थोडी जास्त जाणवते, डावं-उजवं पटकन बदलताना एक श्वास उशीर होतो. एक्स्प्रेसवेवर ती बाटली आता जरा सरकते. पण पहिल्या महिन्यातलं जे कौतुक होतं, त्यातलं बहुतेक सगळं जागेवर आहे. वळणात खडबडीत पट्टा आला की आधी टायर उसळी मारायचं, आता रस्ता सोडत नाही. ओल्या घाटात मी आता जास्त निर्धास्त असतो.

कायद्याचं थोडक्यात : मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि जानेवारी 2019 मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्हींचा रोख असा की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलात बदल चालत नाही. विमा कंपनीला मी मेल करून विचारलं होतं, मोघम उत्तर आलं. बदल कळवला नाही तर दावा अडू शकतो एवढं डोक्यात ठेवा.

हिशोब. सगळं मिळून 71,000 गेले. नुसते शॉक, माउंट, मजुरी आणि अलाइनमेंट केलं असतं तर 35,800 लागले असते. स्प्रिंग चिंचवडच्या एका मुलाला 9,500 ला विकल्या. म्हणजे चार बोटांची जागा दोन बोटांवर आणायला मला 25,700 रुपये पडले, तेही नऊ महिन्यांपुरते. तुमचा रोजचा रस्ता सपाट असेल, गेट सपाट असेल, मागे सामान आणि माणसं कधीच नसतील, तर 20-25 मिलिमीटरच्या स्प्रिंग बघा. 35 शहरात जास्त होतात. आणि काहीही करायच्या आधी शॉक नवे टाकून महिनाभर चालवा.

त्या मुलाला मी हे सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, खाली असतानाचा एखादा फोटो आहे का?" दाखवला. त्याने लगेच पैसे पाठवले.

परवा संध्याकाळी ऑफिसवरून आलो. गेट उघडलं, मामा सवयीने बाहेर आले. आता पोटाखाली साडेपंधरा सेंटिमीटर भरतात, मी न थांबता सरळ घेतली आणि आत आलो. आरशात बघितलं तर मामा अजून कंबरेत वाकलेले, गाडी गेली त्या जागी खाली बघत होते.