सुरक्षाप्रमुख कोणाच्या हाताखाली: आयटी हेडच्या की एमडींच्या?

चाकणसारख्या ठिकाणी सुटे भाग बनवणाऱ्या, तीन-चारशे माणसांच्या कंपनीत सायबर सुरक्षेसाठी माणूस नेमायचं ठरलं, की लगेच पुढचा प्रश्न येतो. त्याने रिपोर्ट कोणाला करायचं?

आयटी हेडच्या हाताखाली ठेवणं सोपं आणि स्वस्त. सर्व्हर, फायरवॉल, पासवर्ड सगळं त्याच खात्याच्या ताब्यात असतं, त्यामुळे कामं पटापट होतात. पन्नास-साठ संगणकांच्या कंपनीला याहून जास्त झेपतही नाही.

अडतं ते महिनाअखेरीला. गाड्या गेटवर उभ्या असतात, डिस्पॅचची घाई असते आणि पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरमधली पळवाट बुजवणारी दुरुस्ती, टाकायचा तर चार तास ईआरपी, म्हणजे बिलं-साठा-ऑर्डर सांभाळणारं सॉफ्टवेअर, बंद ठेवावं लागतं. आयटी हेडला वर्षअखेरीस विचारलं जातं ते सिस्टिम किती वेळ चालू राहिली हे. मग पॅच पुढच्या महिन्यावर जातो, तिथून आणखी पुढे. यात कोणाची लबाडी नसते, पण जोखीम एमडींच्या टेबलापर्यंत पोचतच नाही. मी पाहिलेल्या एका कंपनीत बॅकअप खरंच चालतो का, हे परत चढवून बघण्याचं काम अकरा महिने ‘प्रलंबित’ रकान्यात होतं. संचालकांपुढच्या तक्त्यात मात्र ‘बॅकअप: होय’ एवढंच लिहिलेलं. तो तक्ता बघून माझ्या पोटात गोळा आला होता.

नेमकी हीच गोम रिझर्व्ह बँकेने ओळखली. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या निर्देशांनुसार व्यापारी बँका आणि मोठ्या वित्तसंस्थांमधला सुरक्षाप्रमुख आयटी प्रमुखाला थेट रिपोर्ट करू शकत नाही आणि त्याला धंद्याची टार्गेटंही देता येत नाहीत. कारखान्यांवर हे बंधन नाही, पण कारण तेच आहे.

थेट एमडींना रिपोर्ट करण्याचा खरा फायदा संकटाच्या दिवशी कळतो. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला, तेव्हा शनिवारी काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून नकली कार्डांनी पैसे निघाले आणि सोमवारी स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेमार्फत जवळपास १४ कोटी हाँगकाँगला गेले. एकूण ९४ कोटी. असा दिवस उजाडला तर ‘सगळं बंद करा’ हे कोण म्हणणार? हा धंदा थांबवण्याचा निर्णय आहे, आयटी खात्याच्या पातळीवर तो होत नाही. शिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत त्या संस्थेला कळवावं लागतं. फाइल तीन टेबलं फिरेपर्यंत ते तास संपतात.

‘आमच्यावर कोण हल्ला करणार?’ असं म्हणणाऱ्यांनी जून २०१७ आठवावा. नॉटपेट्या हा संगणक निकामी करणारा व्हायरस युक्रेनमधल्या करविषयक सॉफ्टवेअरमधून पसरला आणि मर्स्क या जहाजवाहतूक समूहाकडचं जेएनपीटी बंदरातलं टर्मिनलही ठप्प झालं. मर्स्कला ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. नेम त्यांच्यावर नव्हताच.

थेट रिपोर्टिंगचे तोटेही खरे आहेत. पगार जास्त पडतो. आयटीची मंडळी त्याला तपासनीस समजून माहिती हातची राखतात. आणि त्या माणसाला पैशाच्या भाषेत बोलता आलं नाही, तर एमडी दुसऱ्याच बैठकीत घड्याळ बघायला लागतात. ‘सर्व्हर असुरक्षित आहे’ यापेक्षा ‘हा सर्व्हर गेला तर पाच दिवस बिल निघणार नाही’ हे सांगणारा माणूस शोधा.

माझं मत: ग्राहकांचा डेटा, निर्यात किंवा बड्या वाहन कंपनीचं ऑडिट असेल, तर थेट एमडी. डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये सुरक्षेच्या हलगर्जीला २५० कोटींपर्यंत दंड आहे, तेव्हा पगारातला फरक काढत बसू नका. कंपनी लहान असेल तर आयटीतच ठेवा, पण दर तिमाहीला त्याला आयटी हेडशिवाय एमडींसोबत अर्धा तास द्या. आणि हे नेमणूकपत्रातच लिहा, तोंडी ठेवू नका.